शेकरू माझं, भुंगेरा सुमनचा

बार्शीला परतून आठ दिवस झाले. आम्ही भावंडं मावळात जाऊन आलो हे ज्याला ज्याला कळलं, त्या प्रत्येकानं एकच विचारलं, शेकरू दिसलं का? भुंगेऱ्याची चौकशी एकानंही केली नाही. त्यामुळे सुमन माझ्यावर फुगून बसली आहे. तिचं म्हणणं, गावभर शेकरूचा डांगोरा मीच पिटला आणि भुंगेऱ्याचं नाव मुद्दाम गाळलं. यात थोडं तथ्य आहे, म्हणून सगळं सुरुवातीपासून नीट लिहून काढतो आहे.

सुमन माझी धाकटी बहीण. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून ती यंदा निवृत्त झाली. मी शाळेत मराठी शिकवायचो, माझी सुटका आधीच झाली होती. तिचा सगळा जन्म भुंगेऱ्यांत गेला. आमच्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी तिच्या बाटल्या असायच्या, आणि पाहुण्यांना लोणचं वाढण्याआधी चिठ्ठी वाचून घ्यावी लागायची. माझ्या मुलांनी तिचं नाव किडेआत्या ठेवलं. ती वरवर हसायची, पण किडा आणि भुंगेरा यांतला फरक मात्र दर वेळी सांगायची.

या बाईंच्या मनात एक जुना सल होता. विद्यार्थिनी असताना तिची सहल मावळात गेली होती. वडिवळ्याच्या धरणापलीकडच्या एका देवराईत, बेहड्याच्या वाळक्या फांदीवर तिला एक भुंगेरा दिसला. अंगठ्याएवढा, भिजलेल्या चिंचेच्या रंगाचा, आणि तोंडापुढे सांबरासारखी दोन शिंगं. (ती शिंगं नव्हेत, जबडे आहेत, असं तिनं आत्ताच मागून वाचून सांगितलं.) सर म्हणाले, बाटलीत घाल. हिनं तो हातावर घेतला, वहीत त्याचं चित्र काढलं आणि सोडून दिला. नमुना नाही म्हणून मार्क गेले. वर चित्र बघून सर म्हणाले की असा भुंगेरा या भागात नसतो, तुला भास झाला असेल. सर चांगले होते, पण ते वाक्य हिच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

निरोपसमारंभाचा हार अजून खुंटीवर होता तेव्हाच तिनं मला विचारलं, "दादा, तो मला एकदा परत बघायचाय. येतोस?" मी म्हटलं, येतो, पण मला शेकरू बघायचंय. आपल्या राज्याचा प्राणी, आणि साठी उलटली तरी मी तो फक्त पुस्तकात पाहिलेला. म्हणजे दोघांची दोन दैवतं ठरली, आणि ज्याचं आधी दिसेल त्याच्या बॅगा परतीच्या वाटेवर दुसऱ्यानं उचलून न्यायच्या असंही ठरलं. श्रावणातले चार दिवस धरून निघालो.

लोणावळा आणि कार्ले, मंगळवार

लोणावळ्यात काय पाहिलं असं कुणी विचारलं तर धुकं पाहिलं एवढंच सांगता येईल. दरी बघायच्या जागी शे-दोनशे माणसं कठड्याला टेकून पांढऱ्या भिंतीकडे बघत उभी होती आणि एकमेकांना ‘वा’ म्हणत होती. आमच्या बार्शीकडे पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, चहा घेऊन निघतो. इथे तो घरजावई झालेला. मी छत्री एका हातात आणि चिक्कीचा पुडा दुसऱ्या हातात धरून उभा होतो, तेवढ्यात धुक्यातून एक माकड आलं, त्यानं पुडा घेतला आणि ते धुक्यातच गेलं. एवढ्या सफाईनं की मी थोडा वेळ नुसत्याच बोटांनी पुडा धरून उभा होतो. सुमन म्हणाली, "सस्तन प्राण्यानं तुझी हौस पहिल्याच दिवशी भागवली."

कार्ल्याला जरा उघडीप मिळाली. खाचरांतला भात गुडघ्याएवढा झालेला, त्याचा हिरवा रंग आमच्या ज्वारीच्या शिवारात कधीच दिसत नाही. हमरस्त्याच्या कडेला एक बाई कणसं भाजत होत्या. त्यांच्या बाकड्यावर बसून आमचा पहिला वाद झाला. मी सहज म्हणालो की कुठे राज्यप्राणी आणि कुठे तुझा भुंगेरा, यांची बरोबरी कशी व्हायची? झालं. सुमननं कणसाचा कागद उलटा केला, पेन काढलं आणि मला समोर बसवून शिकवणी घेतली.

तिच्या सांगण्याचा गोषवारा असा. शेकरू पाठीचा कणा असलेलं, भुंगेरा कणा नसलेला. त्याचा सांगाडा अंगाच्या बाहेरून, चिलखतासारखा. शेकरू सस्तन वर्गातलं, भुंगेरा कीटक वर्गातला. इथवर मी जिंकत होतो. पुढे तिनं गण लिहिला आणि माझी पंचाईत झाली. शेकरूचा गण कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्यांचा. उंदीर, घूस, खार, साळिंदर, सगळी त्याची भावकी. "तुझा राज्यप्राणी उंदराचा नातलग आहे," ती म्हणाली. भुंगेऱ्याचा गण ढालपंखी. पुढचे पंख कडक होऊन त्यांच्या ढाली झालेल्या, आत घडी घातलेले खरे पंख. काजवा, सोनपाखरू, शेणाच्या गोळ्या ढकलणारा, तांदळातला पोरकिडा, सगळे याच गणातले, आणि जगात एवढी मोठी भावकी दुसऱ्या कुणाचीच नाही. कणसंवाल्या बाई आमच्याकडे बघत मीठ-तिखट चोळत होत्या. त्यांनी मला कणीस देताना हळूच विचारलं की ताई शाळेत हायेत का, आणि मी होय म्हटल्यावर वाटलंच होतं म्हणाल्या.

संरक्षणाच्या रकान्यात मात्र मी पुन्हा छाती फुगवली. शेकरूला कायद्याचं कवच आहे, त्याला हात लावाल तर गुन्हा. सुमननं ते मुकाट्यानं लिहिलं. भुंगेऱ्याच्या बाजूला तिनं काहीच लिहिलं नाही. मी विचारलं, म्हणजे त्याला धोका नाही? ती म्हणाली, "तसं नाही रे. धोक्यातल्या जिवांच्या याद्या करतात, त्यात शेकरूचं नाव आहे, कारण त्याची कुणीतरी मोजदाद केली. याला कुणी मोजायलाच गेलं नाही. आहेत किती, उरलेत किती, कुणाला ठाऊक." तो रकाना तसाच कोरा राहिला आणि कागद तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवला.

वडिवळ्याच्या पुढे, मंगळवारची संध्याकाळ

आमचा मुक्काम धरणापलीकडच्या वाडीत, ताराबाईंच्या घरी. सुमनच्या एका विद्यार्थिनीनं पत्ता दिला होता. ताराबाई साठीच्या पुढच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेल्या, बोलायला मोकळ्या. भात लावून झाला की दोन खोल्या पाहुण्यांना देतात. त्यांचा मुलगा संपत तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात कामाला आहे, आणि तो नेमका रजा टाकून घरी आलेला.

जेवायला तांदळाची भाकरी, रानातल्या करटुल्यांची भाजी, अळूचं फदफदं आणि इंद्रायणी भात. त्या भाताच्या वासानं मी आधीच अर्धा जेवलो होतो. आम्ही बार्शीहून कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. ताराबाईंनी कडक भाकरी हातात घेतली, वाजवून बघितली आणि विचारलं, ही भाजायची का तळायची? ती भाकरीच आहे आणि महिनाभर टिकते हे कळल्यावर त्यांना आमची दया आली. त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला. भाकरी मऊ नसेल तर बायकोचं चुकलं असं त्यांच्याकडे समजतात, आणि आमच्याकडे कडक झाली नाही तर चुकलं. चटणी मात्र दोन्हीकडे पसंत पडली.

सुमननं कार्ल्याची शिकवणी इथेही सुरू केली. ताराबाईंना ती फार आवडली. शेकरू उंदराच्या भावकीतलं हे ऐकून त्या म्हणाल्या, म्हणजे गणपतीच्या घरचंच की. भुंगेऱ्याची सोयरीक तांदळातल्या पोरकिड्याशी आहे हे ऐकून मात्र त्यांचा चेहरा उतरला, कारण पोरकिड्यांशी त्यांचं दर उन्हाळ्यात भांडण असतं. मग त्यांनी विचारलं की तो भुंगेरा शोधायचा कुठे. सुमननं राईतल्या बेहड्याचं सांगितलं. देवळाच्या मागचा, खोडाला दोन फाटे असलेला.

संपत पाणी पीत होता, तो थांबला. तो बेहडा दोन-तीन वर्षांपूर्वी पुरता वाळला, असं त्यानं सांगितलं. आता देवळाच्या पत्र्यांवर झुकलाय. उत्सवाला माणसं खाली बसतात, उद्या कुणाच्या डोक्यात पडला तर? म्हणून माघात भैरोबाचा कौल घेतला, उजवा झाला, म्हणजे देवानं होकार दिला, रीतसर कागदही झाले. परवा, गुरुवारी सकाळी तो तोडायचा होता. संपतनं रजा त्यासाठीच टाकली होती आणि लाकूड कापायचं कटरही मागवून ठेवलं होतं.

सुमनचा घास हातातच राहिला. सांगून बघूया, असं मी तिला हळूच म्हणालो, पण काय सांगायचं हे मलाच कळत नव्हतं. झाड खरंच पडायला आलं होतं.

राई, बुधवार

राईच्या तोंडाशी चपला काढाव्या लागतात. आत शिरल्यावर काडीही मोडायची नाही, वाळलेलं पानसुद्धा घरी न्यायचं नाही, आणि पडलेलं लाकूड पडल्या जागीच कुजू द्यायचं. ताराबाईंनी हे सगळं आम्हाला दोनदा बजावलं. आमच्या गावाला अख्ख्या शिवारात सावलीला एक कडुलिंब, त्याच्या काटक्यांवरूनही भांडणं होतात. इथे दारात रान आणि चुलीसाठी लाकूड मात्र मैलभर लांबून, असा हा रिवाज. तरी राईतलं कुणी उचलत नाही.

आत पाऊल टाकलं आणि अंगावर गारवा आला. ऐन, हिरडा, उंबर, आंबा, वरून खाली वेलींची जाळी, आणि पायाखाली इतकी मऊ माती की चालल्याचा आवाज होत नव्हता. देऊळ म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि आत भैरोबाचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला नुसता गोल दगड. त्याच्या मागे तो बेहडा. पानं नाहीत, साल सुटलेली, वरचे दोन्ही फाटे देवळाकडे वाकलेले. सुमननं त्याला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. मला एकदम तिची विद्यार्थिनी असतानाची दोन वेण्यांची आकृती आठवली, आणि तिला या जागेची एवढी ओढ का आहे हे तोपर्यंत मी कधी मनापासून विचारलंच नव्हतं, याची लाज वाटली.

दुपारपर्यंत शोधलं. सालीखाली, मुळांशी, कुजलेल्या ओंडक्यांजवळ. मुंगळे दिसले, गोगलगायी दिसल्या, एक गोम माझ्या पँटच्या आत जाऊन परत आली आणि मी देवळाभोवती न सांगता एक प्रदक्षिणा घातली. खोडाच्या बुंध्याशी भुशासारखी बारीक माती साचलेली होती. ती सुमननं बोटांनी चोळून पाहिली आणि आत काहीतरी नक्की आहे म्हणाली. पण भुंगेरा दिसला नाही. शेकरूही नाही.

दुपारी संपत आणि भैरोबाचे गुरव महादूआबा झाडाचं माप घ्यायला आले. आबा ऐंशीच्या आसपासचे, ताठ, बोलताना डोळे मिचकावणारे. इथे माझ्या हातून गाढवपणा झाला. सुमनचा चेहरा मला बघवत नव्हता, आणि शेकरूला कायदा आहे हे डोक्यात ताजं होतं. मी पुढे होऊन ठोकून दिलं की या झाडावर शेकरूचं घरटं आहे, सकाळी डोळ्यांनी पाहिलं.

संपतनं लगेच दोरी खाली ठेवली. शेकरू असेल तर आपण हात लावणार नाही, ते कायद्यातलं जनावर आहे, असं तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. पण आबांनी मान वर करून झाड नीट पाहिलं आणि मला विचारलं, "गुरुजी, तुमच्याकडं शेकरू असतंय का?"

मी म्हटलं, नाही.

"वाटलंच. शेकरू दाट पाल्यात घर बांधतंय, वरच्या शेंड्याला. वाळल्या झाडाला पाला कुटला?"

संपत हसला, आबा हसले, आणि मी आयुष्यभर पोरांच्या थापा पकडत आलेला मास्तर मान खाली घालून उभा राहिलो. सुमन माझ्यावर चिडली तशी गेल्या दहा वर्षांत चिडली नव्हती. पण ती मला बोलण्यात वेळ घालवत बसली नाही. ती आबांसमोर गेली आणि सरळ म्हणाली, "घर शेकरूचं नाही, आबा. भुंगेऱ्याचं आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. कुजक्या लाकडात त्याची अळी वर्षानुवर्षं राहते, लाकूड खाऊन त्याची माती करते. मग पावसाळ्यात काही आठवडे भुंगेरा होऊन बाहेर येतो, जोडी जमवतो, अंडी घालतो आणि मरतो. उभं वाळलेलं झाड गेलं की त्याचं घर गेलं. संपतनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, खरं हाय तुमचं. पण किड्यापायी झाड मानसांवर पडू द्यायचं का?" तो रागानं बोलत नव्हता.

आबा मात्र विचारात पडले होते. ते झाडाशी गेले, त्यांनी बुंध्याशी साचलेली बारीक माती उचलली.

"माघात आमी देवाला काय सांगितलं? झाड वाळलंय, कुनाच्या उपेगाचं न्हाई, काढू का? आत बिऱ्हाड हाय हे सांगितलंच न्हाई. अर्धी गोष्ट सांगून घेतलेला कौल खरा न्हाई धरत."

संपत म्हणाला की उद्या कटर परत द्यायचं आहे. आबांनी त्यावरही तोड काढली. सकाळी पुन्हा कौल लावू, पण त्यांचा एक रिवाज होता. ज्याच्याविषयी देवाला विचारायचं, तो तिथे हजर पाहिजे. जमिनीचा कौल असेल तर दोन्ही भाऊ येतात, लग्नाचा असेल तर पोरगी स्वतः येते. ऐकीव गोष्टीवर देवाला कुणी तोंड उघडायला लावत नाही.

"तवा बाई, तुमचं बिऱ्हाड सकाळी घेऊन या. न्हाई आलं, तर पयला कौल हायेच."

त्या संध्याकाळी सुमन जेवली नाही. ओट्यावर बसून धरणाच्या पाण्याकडे बघत राहिली. मी शेजारी जाऊन बसलो आणि शेकरूच्या थापेबद्दल तिची माफी मागितली. तिला त्याचं काही नव्हतंच. ती म्हणाली, "दादा, तो नसेलच तर? सरांचंच खरं असलं, मला भासच झाला असला तर?" मला वाईट वाटलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि भास व्हायला डोकं लागतं, ते तुझ्याकडे कुठे आहे, असं काहीतरी बोललो. ती हसली, आणि मग ताराबाईंनी तिला हाताला धरून पानावर बसवलं.

राई, गुरुवार

सकाळी पाऊस थांबला होता आणि पानापानातून थेंब गळत होते. ताराबाई स्टीलचा डबा घेऊन आमच्याबरोबर आल्या, झाकणाला त्यांनी खिळ्यानं भोकं पाडून ठेवली होती. आम्ही तिघं बेहड्याभोवती वाकून वाकून शोधत होतो. थोड्या वेळानं डोक्यावर कुणीतरी लाकडाच्या पट्ट्या एकमेकींवर आपटल्यासारखा खडखडाट झाला.

मी वर पाहिलं. उंबराच्या आडव्या फांदीवर शेकरू बसलेलं होतं. मी खार बघायला गेलो होतो आणि समोर मांजराएवढं जनावर. पाठ जांभळट तांबडी, पोट सायीच्या रंगाचं, आणि शेपटी अंगाहून लांब, फांदीवरून खाली लोंबणारी. दोन्ही हातांत उंबर धरून ते एखाद्या घरंदाज बाईसारखं खात होतं, दोन घास घेऊन उरलेलं खाली टाकत होतं. त्यातलं एक उष्टं उंबर बरोबर माझ्या टोपीवर पडलं. मला इतका आनंद झाला की मी त्या चिखलात अनवाणी नाचलो. "सुमे, बॅगा तुझ्याकडे!" असं मी ओरडलो, शेकरूनं माझ्याकडे एकदा बघून पुन्हा खडखडाट केला आणि ते दुसऱ्या फांदीवर गेलं.

"दादा, हलू नकोस," सुमन म्हणाली. तिनं वर पाहिलंच नव्हतं. "तुझ्या पायाजवळ."

मी एका पायावर थांबलो. खाली शेकरूनं टाकलेल्या, पिकून आंबलेल्या उंबरांचा थर होता, आणि माझ्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर एका फुटक्या उंबराला तोंड लावून तो बसला होता. भिजलेल्या चिंचेचा रंग. पुढे दोन शिंगं. माझा पाय त्याच्याहून केवढा मोठा होता, आणि नाचताना तो कुठे पडू शकला असता, हे लक्षात येऊन मी तो आणखी वर घेतला. वर राज्याचा प्राणी, खाली बहिणीचा भुंगेरा, आणि मध्ये मी एका तंगडीवर. माझ्या शेकरूच्या उष्ट्यावर हिचा भुंगेरा जेवत होता.

सुमन गुडघ्यांवर बसली. तिनं हात पुढे केला, तो तिच्या बोटावर चढला आणि तिथेच थांबला. ती रडत होती आणि हसत होती. "हाच," एवढंच ती म्हणाली, दोन-तीनदा.

कौलाला दहा-बारा माणसं जमली. आबांनी दोन भिजवलेले तांदूळ घेतले, एक भैरोबाच्या उजव्या बाजूला चिकटवला, एक डाव्या. उजवा आधी पडला तर तोडायचं, डावा पडला तर नाही. सुमनला डबा घेऊन पुढे बसवलं. आबांनी झाकण काढून देवाला बिऱ्हाड दाखवलं, मग झाड देवळावर झुकलंय हे सांगितलं, माणसांच्या जिवाची भीती सांगितली, आणि आत किती वर्षांपासून कोण राहतंय तेही सांगितलं. काही झाकलं नाही.

बराच वेळ गेला. मी देवाधर्माच्या फारसा वाटेला जात नाही, पण त्या वेळी डाव्या तांदळाकडे बघून बघून माझे डोळे दुखायला लागले. उजवा पडला.

सुमननं डबा छातीशी घेतला. ताराबाईंनी तोंडाला पदर लावला. संपत उठला, पण त्याला उठताना बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं.

आबा मात्र बसूनच राहिले. "देवानं तोडा म्हनून सांगितलं," ते म्हणाले. "किती, ते कुटं इचारलंय आपुन?" त्यांनी सुमनला झाडाजवळ बोलावलं आणि विचारलं की तुमचं बिऱ्हाड कुठवर राहतं ते दाखवा. ती म्हणाली, मुळापासून छातीपर्यंत तरी लागेल. संपतनं खोडाला पाठ लावून वर पाहिलं. झुकलेला भाग त्याच्या डोक्याच्या बराच वरून सुरू होत होता. वरचे फाटे खाली घेतले तर देवळाला धोका उरत नाही, हे त्यालाही पटलं. राईतलं लाकूड राईतच पडून राहणार होतं, तो रिवाज जुनाच. आबांनी दुसरे दोन तांदूळ लावले, डोक्याइतक्या उंचीचं खोड ठेवू का म्हणून विचारलं, आणि ते नीट चिकटलेही नसतील तोच उजवा खाली आला. आबा म्हणाले, देव सकाळपासून हेच म्हणत होता, आपल्यालाच विचारता येत नव्हतं.

मला तेव्हा कार्ल्याचा तो कोरा रकाना आठवला. भुंगेऱ्याला कायदा नव्हता, यादीत नाव नव्हतं. पण पडलेलं लाकूड उचलायचं नाही असं या वाडीतल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलं, आणि त्यात हा आयता जगला. त्याचं नावसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. सुमनला हे सांगितलं तर ती म्हणाली, ते मी केव्हाच लिहिलं. तिनं कागद दाखवला. रकान्यात "राई" एवढा एकच शब्द होता.

संपतनं खोडावर गेरूची रेघ मारली. देवळातल्या सगळ्यांना लांब उभं केलं, दोर लावून फाटे उलट्या बाजूला ओढले आणि मशीन चालू केलं. पहिला फाटा झुडपांत पडला. दुसरा पडला तो मधोमध फुटला. सुमन डबा घेऊन उंबराखाली उभी होती, भुंगेऱ्याला त्याच्या उंबराजवळ सोडून झालं होतं तरी डबा तिच्या हातातच होता. संपत फुटलेल्या ओंडक्याचे, बाजूला सारता येतील असे तुकडे करायला वाकला, आणि अचानक मशीन बंद झालं.

तो ओंजळ करून तिच्याकडे चालत आला. ओंजळीत भुशासकट एक पांढरी, जाड, वळून बसलेली अळी होती.

"बाई," तो म्हणाला, "हे वरच्या मजल्यावर हुतं. ह्याला कुटं ठेवू?"

सुमननं बेहड्याच्या बुंध्याकडे बोट केलं. संपत तिथे गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी त्यानं कुजलेल्या लाकडात जागा केली, अळी आत ठेवली आणि वरून भुसा सारखा केला. मग तो उठला, आणि उरलेल्या फाट्याला कटर लावण्याआधी प्रत्येक भेगेत वाकून बघायला लागला.